मोबाईलवरचा स्टिकर, वारणेची काळी वाळू आणि लहरी गिळणारे पदार्थ



आजचा विषय नावाने जरा जड आहे. सूक्ष्मतरंग शोषणारे चुंबकीय अब्जांश संमिश्र पदार्थ! पण घाबरू नका. नदीची वाळू, शेंगदाण्याची चिक्की आणि साखरेचं गोडाऊन एवढ्यावर आपण तो समजून घेणार आहोत. आणि तो समजून घ्यायची गरज मला का पडली, ते आधी सांगते.

पालकसभेतला प्रश्न

आमच्या वारणानगर परिसरातल्या शाळेत पालकसभा होती. सभा संपली, सगळे उठले, आणि चौथीतल्या एका मुलाचे आजोबा माझ्या टेबलाशी येऊन थांबले. खिशातून मोबाईल काढला आणि उलटा करून दाखवला. पाठीवर रुपयाच्या नाण्याएवढा सोनेरी गोल स्टिकर.

"बाई, ह्यो लावला की रेडिएशन येत न्हाई म्हणं. आत नॅनोची पावडर हाय, ती सगळं शोषून घेती. घरातल्या चारी फोनला लावलाय. खरं हाय काय हे?"

मी म्हटलं, "आजोबा, बघून सांगते." खरं सांगायचं तर मला उत्तर येत नव्हतं. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तसाच एक स्टिकर माझ्याही फोनवर होता! एका प्रदर्शनात घेतलेला. विकणाऱ्याने "नॅनो", "चुंबकीय" असे शब्द इतक्या खात्रीने वापरले की डी.एड. झालेल्या बाईंनी एकही प्रश्न न विचारता पैसे दिले.

एवढंच असतं तर मी विसरूनही गेले असते. पण जाता जाता आजोबा बोलून गेले, "आता पोरगं उशाला फोन घेऊन झोपलं तरी काळजी न्हाई." हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. स्टिकरचे पैसे गेले तर गेले. पण त्या स्टिकरच्या भरवशावर घरातला एक चांगला नियम मोडला होता. म्हणून मी वाचायला बसले. जे समजलं ते तुमच्यासमोर मांडते.

गंमत अशी की लहरी शोषणारी नॅनो पावडर ही थाप नाही. ती खरोखर असते, आणि तशा पदार्थांवर आपल्याकडेही संशोधन चालतं. थाप आहे ती त्या नाण्याएवढ्या स्टिकरची. हे दोन वेगळे कसे करायचे, हाच आजचा पाठ.

आधी शब्द नीट समजून घेऊ

"रेडिएशन" म्हटलं की आपल्याला एक्स-रे आणि अणुबॉम्ब आठवतो. पण चुलीच्या धगीपासून सूर्यप्रकाशापर्यंत सगळंच प्रारण आहे. मोबाईल, वायफाय, रडार, मायक्रोवेव्ह ओव्हन यांच्या लहरी ज्या गटात येतात त्यांना सूक्ष्मतरंग, म्हणजे मायक्रोवेव्ह म्हणतात. त्यांची वारंवारता साधारण ३०० मेगाहर्ट्झ ते ३०० गिगाहर्ट्झ, आणि तरंगलांबी १ मीटर ते १ मिलिमीटर.

एक सोपं सूत्र फळ्यावर लिहून ठेवा: ३० ला गिगाहर्ट्झने भागा, तरंगलांबी सेंटीमीटरमध्ये मिळते. वायफाय २.४ गिगाहर्ट्झ, म्हणजे १२.५ सेंटीमीटर. बरीच रडारं १० गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात, म्हणजे ३ सेंटीमीटर.

एक्स-रे अणूमधले इलेक्ट्रॉन उडवू शकतात. सूक्ष्मतरंगांच्या अंगात तेवढी ताकद नसते. त्यांचा नीट सिद्ध झालेला परिणाम म्हणजे उष्णता. आपल्या देशात या लहरींवर पहिलं मोठं काम केलं ते जगदीशचंद्र बोस यांनी. १८९५ साली कोलकात्यात त्यांनी अशाच लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. त्यांच्या काही लहरींची लांबी तर अवघी ५ मिलिमीटर होती!

लहर एखाद्या वस्तूला भेटते तेव्हा

लहर वस्तूवर आदळली की तीन गोष्टी होऊ शकतात. ती परत फिरते, म्हणजे परावर्तन. आरपार जाते, म्हणजे पारगमन. किंवा आतच जिरते, म्हणजे शोषण. बहुतेक वेळा तिन्ही थोडं थोडं होतं.

आपल्याकडच्या मुलांना हे सांगायला साखरेचं गोडाऊन फार उपयोगी पडतं. रिकाम्या गोडाऊनमध्ये हाक मारली की आवाज घुमतो. भिंती आणि पत्रे आवाज परत फेकतात. त्याच गोडाऊनमध्ये थप्पीला पोती लागली की हाक घुमत नाही. पोत्यांच्या धाग्यांत आणि फटींत आवाज शिरतो आणि तिथेच दमतो. पत्र्याने आवाज अडवला, पोत्यांनी गिळला.

अडवणं आणि गिळणं यातला हा फरक या पाठाचा कणा आहे. सूक्ष्मतरंग अडवणं सोपं आहे. धातूचा कुठलाही पत्रा ते परत फेकतो. ओव्हनच्या काचेमागे जाळी असते ना, तिची भोकं १२ सेंटीमीटरच्या लहरीपुढे इतकी लहान असतात की लहरीला ती जवळजवळ अखंड पत्र्यासारखीच वाटते. गिळणं मात्र अवघड आहे.

कृती १ : ट्रेमधली लाट

साहित्य: लांबट प्लॅस्टिकचा ट्रे, पाणी, ओली वाळू, पट्टी.

कृती: ट्रेमध्ये दोन बोटं पाणी घ्या. पट्टीने एका टोकाला हलकी लाट उठवा. समोरच्या उभ्या कडेवर आपटून लाट परत येते, मुलांना स्पष्ट दिसतं. आता त्या टोकाला ओल्या वाळूचा तिरपा उतार करा. उतार लांबट हवा. पुन्हा लाट उठवा.

निरीक्षण: उतारावर लाट चढते, पसरते आणि विरून जाते. परत येणारी लाट फारच छोटी असते.

विहिरीच्या उभ्या काठावर आणि नदीच्या उतरत्या वाळूवर मुलांनी हेच पाहिलेलं असतं. म्हणजेच लाट जिरवायची तर आधी तिला आत येऊ द्यायला हवं. समोर एकदम वेगळं माध्यम उभं राहिलं की लाट दारातूनच परत फिरते. हळूहळू बदल होत गेला तर ती आत शिरते.

सूक्ष्मतरंगांचंही तसंच. हवेतून येणाऱ्या लहरीला समोरचा पदार्थ फारच वेगळा वाटला तर ती परावर्तित होते. शास्त्रज्ञ याला प्रतिबाध जुळणं म्हणतात. आपण साध्या भाषेत "दार उघडं असणं" म्हणू. चांगल्या शोषकाच्या दोन अटी असतात: दार उघडं हवं, आणि आत गेलेली लहर बाहेर पडता कामा नये. पहिली अट मोडली तर तो पत्रा. दुसरी मोडली तर ती काच.

गिळलेली लहर जाते कुठे?

मुलं हा प्रश्न विचारतातच. ऊर्जा नाहीशी होत नाही, हे आपणच त्यांना शिकवलेलं असतं! उत्तर सोपं आहे: तिची उष्णता होते.

सूक्ष्मतरंग विद्युतचुंबकीय असतात, म्हणजे त्यांना विद्युत आणि चुंबकीय असे दोन हात असतात. पदार्थाला ते दोन्हीकडून पकडता येतात.

विद्युत हात पकडणारे पदार्थ म्हणजे कार्बनची पूड, ग्राफीन, पॉलिअ‍ॅनिलिनसारखी वीज वाहणारी बहुवारिकं. लहर आली की यांच्यातले विद्युतभार पुढे-मागे ढकलले जातात आणि घासल्यासारखे तापतात.

चुंबकीय हात पकडणारे पदार्थ म्हणजे लोखंड, कोबाल्ट, निकेल आणि फेराइट. यांच्यात अणूंच्या पातळीवर इवल्या इवल्या चुंबकसुया असतात असं समजा. लहरीचं चुंबकीय क्षेत्र सेकंदाला अब्जावधी वेळा दिशा बदलतं. सुया त्याच्यामागे वळायला बघतात, पण थोड्या मागे पडतात. या मागे पडण्यात लहरीची ऊर्जा खर्च होते. आणि झोका जसा ठरावीक तालातच उंच जातो, तसा प्रत्येक चुंबकीय पदार्थाचाही एक ताल असतो. त्या वारंवारतेला तो सगळ्यात जास्त गिळतो. ताल चुकला की भूक कमी.

दोन्ही हात एकदम पकडले तर लहर पुरती जिरते. शिवाय दोन्ही गुण योग्य प्रमाणात असले की दार उघडं ठेवणंही सोपं जातं. म्हणून चुंबकीय आणि कार्बनी पदार्थ एकत्र करण्याची धडपड चालते.

कृती २ : वारणेची काळी वाळू

ही कृती मुलांना सगळ्यात जास्त आवडली.

साहित्य: नदीची कोरडी वाळू, जुन्या स्पीकरमधलं चुंबक, प्लॅस्टिकची पिशवी, पांढरा कागद.

कृती: चुंबक पिशवीत घाला आणि वाळूतून फिरवा. पिशवीला काळे चमकदार कण मिशा फुटल्यासारखे चिकटतात. कागदावर धरून पिशवीतून चुंबक बाहेर काढा. कण कागदावर पडतात.

सूचना: यासाठी मुलांना नदीपात्रात नेऊ नका. बांधकामाच्या ढिगातली ओंजळभर वाळू पुरते.

हे काळे कण म्हणजे मुख्यतः मॅग्नेटाइट गटातलं खनिज. आपला सह्याद्री काळ्या बसाल्ट दगडाचा. त्या दगडात हे खनिज असतं. दगड झिजतो, आणि डोंगरातून येणारी वारणा ते कण खाली वाहून आणते. मॅग्नेटाइट म्हणजे लोह आणि ऑक्सिजन: लोहाचे तीन अणू, ऑक्सिजनचे चार. यातल्या लोहाच्या एका अणूची जागा निकेल, कोबाल्ट, मँगेनीज किंवा जस्ताला दिली की वेगवेगळे फेराइट तयार होतात. म्हणजे मुलांच्या कागदावर पडलेली काळी पूड ही या मोठ्या कुटुंबातली थोरली बहीण आहे.

फेराइटचा मोठा गुण असा की ते चुंबकीय आहेत, पण धातूसारखी वीज सहज वाहू देत नाहीत. त्यामुळे पत्र्यासारखी लहर परत फेकत नाहीत. दार उघडं राहतं.

तुमच्या घरातही फेराइट आहे. काही लॅपटॉपच्या किंवा मॉनिटरच्या वायरवर एका टोकाला जाड गाठ असते, आठवतं? आत फेराइटचं कडं असतं. वायरमधून येणारी नको ती उच्च वारंवारतेची खरखर ते गिळतं. तिची वारंवारता सूक्ष्मतरंगांपेक्षा बहुधा कमी असते, पण तत्त्व तेच. स्पीकरमधलं काळं चुंबक हाही फेराइटचाच एक प्रकार, त्यात बेरियम किंवा स्ट्रॉन्शियम असतं.

आणि हो, आपल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात फेराइटवर कित्येक वर्षांपासून संशोधन होत आलं आहे. जिल्ह्यातल्या मुलांना हे सांगायला हवं. विज्ञान लांब कुठेतरी घडतं असं त्यांना वाटत असतं.

मग नॅनो कशासाठी?

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. म्हणून आपल्या पुस्तकांत "अब्जांश तंत्रज्ञान" हा छान शब्द आहे. माणसाचा केस साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड. नॅनो कण १ ते १०० नॅनोमीटरचे.

इतकं बारीक करून काय मिळतं? दोन मुख्य फायदे.

पहिला, पृष्ठभाग. १ सेंटीमीटर बाजूचा घन घ्या. त्याच्या सहा बाजूंचं क्षेत्रफळ ६ चौरस सेंटीमीटर. तोच घन कापून १० नॅनोमीटर बाजूचे बारीक घन केले, तर सगळ्यांचं मिळून क्षेत्रफळ होतं ६०० चौरस मीटर. म्हणजे जवळपास सहा गुंठे! फाशाएवढ्या तुकड्यातून सहा गुंठे रान. वरच्या वर्गाला हे गणित जरूर करायला द्या. दोन वेगळे पदार्थ जिथे एकमेकांना भिडतात त्या सीमेवर विद्युतभार अडकतात आणि लहरीची ऊर्जा खातात. सीमा जितकी जास्त तितकं शोषण जास्त.

दुसरा, लहर पूर्ण आत जाते. लोखंडासारख्या धातूत गिगाहर्ट्झच्या लहरी मायक्रोमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी खोलीपर्यंतच शिरतात. कण मोठा असला तर त्याचा गाभा फुकट जातो, आणि पृष्ठभागावर भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह फिरून लहर परत ढकलतात. कण त्याहून बारीक असला की लहर त्याला पूर्ण व्यापते. सगळा कण कामाला लागतो.

संमिश्र म्हणजे चिक्की

नुसती पूड भिंतीला लावता येत नाही. ती रबर, रंग किंवा इपॉक्सीत मिसळावी लागते. शेंगदाणे म्हणजे चुंबकीय कण, तीळ म्हणजे कार्बन आणि सगळ्यांना धरून ठेवणारा गुळाचा पाक म्हणजे रबर किंवा इपॉक्सी. झाली संमिश्राची चिक्की!

चिक्कीत प्रमाण चुकलं की काय होतं ते घरात सगळ्यांना माहीत आहे. इथेही तसंच. कार्बन कमी पडला तर लहर आरपार जाते. फार झाला तर कण एकमेकांना टेकून वीज वाहू लागते, पदार्थ पत्र्यासारखा वागतो, आणि गिळायला ठेवलेला थर लहर परत फेकायला लागतो. चुंबकीय पूड फार घातली तर वजन वाढतं. फेराइट पाण्याच्या साधारण पाचपट जड, लोखंड जवळपास आठपट. विमानाला किंवा फोनला हे परवडत नाही. म्हणून संशोधकांची कसरत असते ती हलकं, पातळ, जास्त गिळणारं आणि जास्त वारंवारतांना चालणारं, हे चारही एकत्र साधायची.

ही पूड करायची एक पद्धत तर दिवाळीतल्या सापाच्या गोळीची आठवण करून देते. धातूंचे नायट्रेट क्षार आणि सायट्रिक आम्ल पाण्यात विरघळवून तापवतात. घट्ट चिकट जेल होतं, मग ते आपोआप पेट घेतं आणि मागे फुगीर, हलकी राख उरते. ती भाजून घेतली की बारीक फेराइट तयार. हे प्रयोगशाळेतलंच काम. घरात किंवा शाळेत करू नका.

कल्पना तशी नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी पाणबुडीच्या पाण्यावर येणाऱ्या नळीवर लोखंडाची बारीक पूड मिसळलेल्या रबराचा थर लावून पाहिला होता, रडारला ती दिसू नये म्हणून. तेव्हा पूड नॅनो नव्हती, एवढंच.

किती गिळलं ते कसं मोजतात?

पदार्थाच्या मागे धातूचा पत्रा धरतात, समोरून लहर सोडतात आणि किती परत आली ते मोजतात. हे डेसिबलमध्ये सांगतात. लक्षात ठेवायला सोपं आहे:

- उणे १० डेसिबल: ९० टक्के गिळली
- उणे २० डेसिबल: ९९ टक्के गिळली
- उणे ३० डेसिबल: ९९.९ टक्के गिळली

पण आकड्याबरोबर दोन प्रश्न नेहमी विचारायचे. कोणत्या वारंवारतेला? आणि किती जाडीला?

जाडी का महत्त्वाची? एक जुनी युक्ती आहे. थराची जाडी आतल्या तरंगलांबीच्या पाव ठेवली तर वरच्या पृष्ठभागावरून परतणारी आणि मागच्या पत्र्यावरून परतणारी लहर एकमेकींना मारतात. १० गिगाहर्ट्झला हवेतली तरंगलांबी ३० मिलिमीटर, तिचा पाव ७.५ मिलिमीटर. पदार्थाच्या आत लहर आखडते. समजा ती तिप्पट आखडली, तर जाडी २.५ मिलिमीटर पुरते. पण वारंवारता कमी झाली की जाडी वाढवावी लागते. हा हिशोब ध्यानात ठेवा, स्टिकरच्या वेळी लागणार आहे.

खरा वापर कुठे होतो?

आपल्या मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली आयएनएस शिवालिक २०१० साली नौदलात दाखल झाली. रडारला कमी दिसेल अशी तिची रचना आहे. यात मोठा वाटा आकाराचा असतो. बाजू तिरप्या ठेवल्या की लहर आली त्या दिशेला परत जात नाही. आकाराने जे साधत नाही तिथे लहर गिळणारे थर उपयोगी पडतात. ठाणे जिल्ह्यातल्या अंबरनाथला डीआरडीओची नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळा आहे. नौदलाला लागणाऱ्या खास पदार्थांवर तिथे काम होतं.

शांततेच्या काळातही कामं पुष्कळ. अँटेना आणि उपकरणं तपासायला खास खोल्या असतात. त्यांच्या भिंतींवर आतून कार्बन भरलेल्या फोमचे सुळके लावलेले असतात आणि काही ठिकाणी फेराइटच्या फरशा. सुळके का? आठवा, ट्रेमधला वाळूचा उतार! काही मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दाराच्या कडेला फेराइट मिसळलेला रबरी थर असतो. एकमेकांना चिकटून बसलेल्या चिपांनी एकमेकींच्या कामात लुडबुड करू नये म्हणूनही पातळ चुंबकीय पत्रे वापरतात.

या सगळ्या ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे. जाडी, जागा आणि वारंवारता आधी ठरवलेली असते, आणि जिथून लहर येते तो सगळा भाग झाकलेला असतो.

आता आजोबांच्या स्टिकरकडे

इथवर आलात तर स्टिकरचा निकाल तुम्ही स्वतःच लावू शकता. चार मुद्दे बघा.

१. *जागा.* फोनचे अँटेना बहुधा कडांजवळ असतात आणि लहरी चहूबाजूंनी पसरतात. पाठीवर नाण्याएवढा गोल लावणं म्हणजे सगळी खिडकी उघडी टाकून एका गजाला रुमाल बांधणं.

२. *जाडी.* मोबाईलची १.८ गिगाहर्ट्झची लहर घ्या. तरंगलांबी जवळपास १६.७ सेंटीमीटर, पाव म्हणजे ४ सेंटीमीटरच्या वर. पदार्थात पाचपट आखडली तरी सुमारे ८ मिलिमीटर थर हवा. स्टिकर एक मिलिमीटरचाही नाही.

३. *तीच लहर.* विकणारे म्हणतात, "वाईट रेडिएशन शोषतं, रेंजला काही होत नाही." पण फोनमध्ये चांगली आणि वाईट अशा दोन लहरी नसतात. जी लहर तुमचं बोलणं टॉवरपर्यंत नेते, तीच ही. रेंज तशीच राहिली याचाच अर्थ लहर गिळली गेली नाही.

४. *उलटा परिणाम.* समजा एखाद्या आवरणाने खरोखरच बरीचशी लहर अडवली. मग टॉवरशी संपर्क राखायला फोन आपली शक्ती वाढवतो. बॅटरी लवकर संपते आणि हेतूच फसतो.

कृती ३ : स्टिकरची परीक्षा

फोन टेबलावर ठेवा, दुसऱ्या फोनवरून रिंग द्या. वाजतो. स्टिकर लावून रिंग द्या. वाजतो. मग तोच फोन अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये दोन-तीन घड्या घालून, फट न ठेवता गुंडाळा आणि रिंग द्या. बहुधा "संपर्क क्षेत्राबाहेर" ऐकू येतं. स्टीलच्या डब्यातही करून बघा. डब्यात बरेचदा रिंग वाजते, कारण झाकणाच्या फटीतून लहर आत शिरते. वाजली तर प्रयोग फसला असं मानू नका. फट किती महत्त्वाची हेच तो शिकवतो. मुलांना आधी अंदाज लिहायला सांगा, मग करून बघा.

आमच्या वर्गात एका मुलीने लगेच विचारलं, "बाई, मग फॉइल लहर गिळते का अडवते?" यासाठीच तर केला होता अट्टाहास! अडवते. पत्रा आहे तो, पोतं नव्हे.

पालकांना मी काय सांगितलं

पुढच्या आठवड्यात आजोबांना शाळेत बोलावून हा प्रयोग त्यांच्यासमोर केला. स्टिकर लावलेला फोन वाजला तेव्हा ते हसले. म्हणाले, "म्हंजी पोरांनी पकडलं म्हणा की त्येला." मीही माझ्या फोनवरचा स्टिकर काढला आणि वर्गाला दाखवला. बाईसुद्धा फसतात हे मुलांना कळलेलं बरं.

मग काय करायचं? घाबरायचं नाही, पण बेफिकीरही राहायचं नाही. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून मोबाईलसाठी मर्यादा आहे: शरीराच्या कोणत्याही १ ग्रॅम ऊतीवर सरासरी किलोमागे १.६ वॅट. याला सार मूल्य म्हणतात. फोनवर *#०७# दाबलं की बऱ्याच फोनमध्ये ते दिसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली या लहरींना "कर्करोगकारक असण्याची शक्यता" या गटात ठेवलं, पण पुरावा मर्यादित असल्याचंही तेव्हाच सांगितलं. म्हणून साधे, फुकटचे उपाय पुरेत:

- अंतर ठेवा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की लहरीची तीव्रता साधारण चौथाई होते. स्पीकर किंवा इअरफोन वापरा.
- रेंज कमी असेल तिथे लांबलचक बोलणं टाळा. तिथे फोन जास्त शक्ती लावतो.
- रात्री फोन उशाला नको. लहरींसाठी म्हणून नव्हे, तर मुलांच्या झोपेसाठी तर नक्कीच नको.

आजोबांच्या घरात आता चारही फोन रात्री देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात असतात, असं त्यांच्या नातवानेच सांगितलं.

वर्गात कसं घ्याल?

तिसरी-चौथीला काळी वाळू आणि ट्रेमधली लाट एवढंच घ्या. पाचवी-सहावीला परावर्तन, पारगमन, शोषण आणि फॉइलचा प्रयोग. सातवी-आठवीला तरंगलांबीचं सूत्र आणि सहा गुंठ्यांचं गणित. नॅनो हा शब्द शेवटी आणा. आधी आणला तर मुलं तो पाठ करतात, आणि पाठ झालेल्या शब्दावर पुढे कुणीही स्टिकर विकतं.

शेवटी मुलांना विचारायचे चार प्रश्न:

१. पत्रा आणि पोतं यांच्यात लहरीच्या दृष्टीने काय फरक?
२. गिळलेल्या लहरीची ऊर्जा कुठे जाते?
३. ५ गिगाहर्ट्झच्या वायफायची तरंगलांबी किती?
४. एखादी वस्तू "रेडिएशन शोषते" असं कुणी सांगितलं, तर तुम्ही कोणते प्रश्न विचाराल?

चौथ्या प्रश्नाला आमच्या एका विद्यार्थ्याने लिहिलेलं उत्तर असं होतं: "किती जाड आहे, कुठं लावायचं, कुठली लहर, आणि तुम्ही मोजून बघितलंय काय?" मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. प्रदर्शनात स्टिकर घेताना मला यातला एकही प्रश्न सुचला नव्हता.

आपल्या शाळेत आणि घरी या कृती नक्की करून पाहा. ओंजळभर वाळू आणि एक जुनं चुंबक, सुरुवात एवढ्यावरही होते.